पूर्ण पत्ता लिहा

अंकाच्या संपादकांनी फोन केला तेव्हा त्यांना काय हवंय याबद्दल त्यांच्या मनात काडीचाही गोंधळ नव्हता. "एवढी वर्षं कोर्टात काढलीत, चार खमंग केसेस द्या की! नावं बदला हवं तर. तळाला छापू आपण, नाव बदलले आहे म्हणून."

मी विचारलं, "नाव बदलून काय होतं?"

"काय होतं म्हणजे? ओळख लपते."

संपादकांना दोष देत नाही. मांजर डोळे मिटून दूध पितं आणि समजतं की कुणी बघत नाही, तसा हा समज मी माझ्या नोकरीत फार मोठ्या खुर्च्यांवर बसलेला पाहिला आहे. म्हणून आधीच सांगतो. या लेखात कुठल्याही पक्षकाराचं नाव नाही, बदललेलंसुद्धा नाही. कोर्ट उपनगरातलं आहे, कुठलं ते विचारू नका. शिवाय तीन तपशील मी मुद्दाम बदलले आहेत आणि ते कुठले हे माझ्या बायकोलाही माहीत नाही. खमंग काही मिळणार नाही. त्यासाठी दुसरा निवृत्त माणूस गाठावा, पुष्कळ आहेत.

कारकून म्हणून लागलो, सहायक अधीक्षक म्हणून बाहेर पडलो. मधल्या बढत्यांमध्ये माझ्या बायकोलाही कधी रस वाटला नाही, तुम्हाला कशाला वाटेल? बाहेरच्यांना कोर्ट म्हटलं की न्यायाधीश, काळे कोट आणि तो लाकडी हातोडा आठवतो. हातोडा मी उभ्या नोकरीत पाहिला नाही. कोर्ट म्हणजे कागद. माणूस डॉक्टरला सांगत नाही, सख्ख्या भावाला सांगत नाही ते शपथेवर कोर्टाला लिहून देतो. कुणाला कुठला आजार आहे, कुणाचं मूल कुणाचं आहे, नवरा कुठल्या शब्दांत बोलतो, बायकोने कुणाला काय मेसेज केला. आणि हे सगळं आम्ही काय करतो, तर दाभणाने भोक पाडून दोरीत ओवतो, वर पान क्रमांक घालतो आणि घोड्यावर ठेवतो. घोडा म्हणजे लोखंडी रॅक. ती भरली की जमिनीवर, जमीन भरली की व्हरांड्यात. व्हरांड्यातली कपाटं पाठमोरी ठेवलेली असतात, ही आमची गोपनीयता.

पुढे वरून हुकूम आला की अत्याचाराच्या प्रकरणांत मुलींची नावं कुठेही येता कामा नयेत. हुकूम चांगलाच होता. आता आमच्याकडचा भास्कर म्हणजे पुकारा करणारा शिपाई. पुकारा म्हणजे बाहेर उभं राहून पक्षकारांना मोठ्याने हाक मारायची. भास्कर गोराईचा कोळी, रोज तरीने खाडी ओलांडून यायचा, आणि त्याच्या आवाजाला आमचे तिन्ही मजले कमी पडायचे. साहेबांनी, म्हणजे न्यायाधीशांनी, त्याला बजावलं, "मुलीचं नाव घ्यायचं नाही." भास्कर आज्ञाधारक माणूस. त्याने नाव घेतलं नाही. दाराबाहेर जाऊन त्याने मुलीच्या बापाचं नाव, आडनाव आणि गल्ली पुकारली आणि शेवटी जोडलं, "यांची पोरगी, हाजिर होऽऽ!"

चाळीसएक माणसं एकदम वळून बघायला लागली. बाप पुढे आला, मुलगी त्याच्या शर्टाला मागून धरून.

मी भास्करला आत ओढलं. "अरे, काय केलंस तू?"

"नाव घेतलं का मी? सांगा ना, घेतलं का?" त्याला खरोखरच कळत नव्हतं. आणि हसू नका, कारण आमच्या निकालपत्रांतही तेच चालायचं. 'पीडिता' असं छापायचं आणि पुढच्याच ओळीत शाळा, इयत्ता, वर्गशिक्षिकेचं नाव, बापाचं दुकान. भास्कर निदान ओरडून गप्प तरी झाला, छापलेलं गप्प होत नाही.

मग काळा मार्कर आला. झेरॉक्सवरचं नाव मार्करने रंगवायचं आणि प्रत द्यायची. वकिलांचे ज्युनियर तो कागद ट्यूबलाइटसमोर धरून आरामात वाचायचे, मी स्वतः पाहिलंय. मग कॉम्प्युटर आला. आता नावावर काळी पट्टी बसवतात. बघणाऱ्याला पट्टी दिसते, पण तोच मजकूर उचलून दुसऱ्या फाइलमध्ये चिकटवला की खालचं नाव जसंच्या तसं वर येतं. हे मी एका तंत्रज्ञ म्हणवणाऱ्या तरुणाला दाखवलं तर तो म्हणाला, "पण काका, असं कोण करणार?" काका! ज्याला करायचंय तोच करणार, तू कशाला करशील?

कोर्टाबाहेरच्या झेरॉक्सवाल्याबद्दल तर बोलायलाच नको, पण बोलतो. त्याच्या कॉम्प्युटरवर प्रत्येक वकिलाचा एक फोल्डर, स्क्रीन रस्त्याकडे. बिघडलेल्या प्रती फेकून देणं त्याच्या जिवावर यायचं, म्हणून तो त्या पाठकोऱ्या म्हणून वाटायचा. आम्ही घाटकोपरला राहतो. शेजारची चिमुरडी एकदा मला मोराचं चित्र दाखवायला आली. मोर सुरेख होता. कागद उलटला तर मागे एका जोडप्याच्या फारकतीचं सातवं पान, डॉक्टरच्या रिपोर्टसकट. त्या बिचाऱ्या नवऱ्याला काय होत नव्हतं ते आमच्या मजल्यावरच्या पहिलीतल्या पोरीच्या दप्तरात होतं. मी मोराचं कौतुक केलं, तिला नवा कोरा कागद दिला आणि मोराचा कागद फाडून टाकला. पोरगी रडली. तिच्या आईने मला तिरसट ठरवलं ते आजतागायत.

इथवर मी सगळ्यांना नावं ठेवली. आता माझ्याकडे येतो, कारण संपादकांनी शब्दमर्यादा दिली आहे आणि ती मी दुसऱ्यांवर उधळून मोकळा होणं बरं नव्हे.

माझी ख्याती होती त्रुटी काढण्याबद्दल. दाखल होणारा प्रत्येक कागद आधी कारकून तपासतो. सही कुठे आहे, कोर्ट फीचं तिकीट कुठे आहे, पत्ता पूर्ण आहे का. काही उणं असलं की तो पेन्सिलीने त्रुटी लिहून परत करतो. माझ्या हातून अपूर्ण कागद कधी आत गेला नाही. वकील माझ्या माघारी मला काय म्हणायचे ते मला ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर त्याचा मला अभिमान होता.

तिला मी अर्जदार म्हणतो. नवऱ्याच्या मारहाणीपासून संरक्षण मिळावं म्हणून तिचा अर्ज आमच्याकडे चालू होता. मध्येच तिने घर सोडलं, मुलीला घेऊन दुसरीकडे राहायला गेली आणि पत्ता बदलल्याची पुरसीस घेऊन आली. पुरसीस म्हणजे कोर्टाला कळवायची छोटी लेखी माहिती, चार ओळींची. तिच्या चार ओळींत पत्ता होता फक्त उपनगराच्या नावाचा. राहणार अमुक ठिकाण, मुंबई. संपलं.

मी पेन्सिल उचलली. 'पत्ता अपूर्ण. खोली क्रमांक, चाळीचे नाव, जवळची खूण द्यावी.'

तिचा वकील घाईत होता, त्याला दुसऱ्या कोर्टात तारीख होती. "भरून टाका ना ताई, साहेब ऐकणार नाहीत," असं म्हणून तो निघून गेला. ती टेबलाशी उभी राहिली.

"साहेब, एवढा पत्ता पुरणार नाही का?"

"समन्स कुठे पाठवायचं मग? अख्ख्या उपनगराला?" मी बोललो. बाजूचे दोघे हसले आणि मला बरं वाटलं.

"हा कागद कोण कोण बघतं?"

"कोर्टाचा कागद कोर्टात राहतो," मी म्हणालो. वीस वर्षं हे वाक्य मी लोकांना सांगत आलो होतो. ते खोटं आहे हे मला माहीत होतं का? माहीत होतं. समोरच्या पक्षाला प्रत्येक कागदाची नक्कल मिळते, तो त्याचा हक्कच आहे, आणि नकलांवर शिक्का मारणारा मीच होतो. पण रोज बोललेलं वाक्य माणूस तपासत नाही. तपासणं माझं काम होतं, पण दुसऱ्यांचे कागद तपासणं.

तिने पेन घेतलं. खोली, चाळ, गल्ली, मागे कुठलं देऊळ, कुणा बाईंच्या घरी. सुवाच्य अक्षर होतं. मी पेन्सिलीची त्रुटी खोडरबराने पुसली आणि कागद आत घेतला.

नवरा पुढच्या आठवड्यात आला. पांढरा शर्ट, कपाळाला बारीक गंध, भास्करलासुद्धा 'नमस्कार सर' म्हणणारा. कोर्टात नम्र माणूस इतका दुर्मिळ असतो की मला त्याची भुरळ पडायची. त्याने नकलेचा अर्ज नीट भरला होता, त्रुटी काढायला जागाच नव्हती. एरवी नकलेला आठ-दहा दिवस लागतात. मी त्याला दोन दिवसांत दिली. शिक्का मारला, 'खरी नक्कल', खाली सही केली. तो हात जोडून म्हणाला, "तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून चाललंय सर."

पुढच्या तारखेला ती आली ती थेट माझ्या टेबलाशी. "तो गल्लीच्या तोंडाशी बसतो, साहेब."

"बसतो म्हणजे?"

"खुर्ची घेऊन बसतो. मी पोरीला शाळेत सोडायला निघते तेव्हा असतो. परत येते तेव्हा असतो."

"शिवीगाळ? मारहाण?"

"नाही. हात जोडतो. सगळ्या गल्लीला सांगतो, बायको रुसलीय, न्यायला आलोय. ज्यांच्याकडे राहते त्या मावशी म्हणतात, तू आता दुसरीकडे बघ बाई."

"पोलिसांकडे जा मग."

"तीनदा गेले. म्हणाले, रस्ता काय कुणाच्या बापाचा आहे का, बसू दे. बसणं गुन्हा नाही."

आणि मग मी तिला विचारलं, खरोखर विचारलं, "पण त्याला पत्ता मिळाला कुठून?"

माझ्यासमोर तिचीच फाइल उघडी होती, तिकडे तिने बघितलं. मीही बघितलं. नकलेच्या नोंदीखाली तारीख होती आणि माझी सही होती.

त्यानंतर ती आली नाही. वकिलालाही ठावठिकाणा माहीत नव्हता. एक तारीख गेली, दुसरी गेली. भास्करने पुकारा केला, तीनदा. तिसऱ्या तारखेला साहेबांनी सांगितलं आणि रोजनाम्यात मी लिहिलं, 'अर्जदार गैरहजर. अर्ज निकाली.' महिन्याअखेरच्या तक्त्यात आमचं एक प्रकरण निकाली म्हणून वाढलं, आणि कामाचा वेग चांगला आहे असा शेरा आला. तो शेरा आम्ही भिंतीला लावला नाही एवढंच.

मी घरी कुणाला काही सांगितलं नाही. आपण नियमाप्रमाणे वागलो, असं स्वतःला समजावत राहिलो. लाज वाटायला लागली की नियम फार उपयोगी पडतो.

पाच-सहा महिन्यांनी ती अचानक खिडकीशी दिसली. वाळली होती. आधी मी तिला ओळखलं नाही, तिने मात्र मला लगेच ओळखलं.

"माझं सर्टिफिकेट फाइलमध्ये आहे, ओरिजिनल. ते परत पाहिजे."

कशाचं सर्टिफिकेट ते सांगत नाही. त्याच्याशिवाय तिला तिच्या कामावर कुणी उभं करत नव्हतं, एवढं पुरे. नवरा काम करू देत नाही हे दाखवायला वकिलाने अस्सल कागदच जोडून ठेवला होता. एक जागा तिला मिळत होती, सोमवारपर्यंत तो कागद दाखवला तर.

अस्सल कागद परत न्यायचा तर अर्ज लागतो. मी छापील अर्ज पुढे सरकवला. नाव लिहून झालं आणि पेन थांबलं. पुढचा रकाना होता, 'राहणार'.

ती अर्जाकडे बघत राहिली. मग तो घडी घालून तिने परत माझ्याकडे सरकवला. "राहू दे ते सर्टिफिकेट तुमच्याकडे."

ती वळली. मी खिडकीतून हाक मारली, नावाने नाही, "अहो, थांबा!" म्हणून. अर्ज उघडला आणि त्या रकान्यात माझ्या हाताने माझा पत्ता लिहिला. घाटकोपर, कॉलनी, बिल्डिंग नंबर, खोली नंबर, जवळची खूण, पिन कोड. कसलीही त्रुटी नव्हती.

"हे कुणाचं घर?" तिने विचारलं.

"तुम्ही सही करा."

"आणि नियम?"

तिने टोमणा मारला नव्हता, खरंच विचारत होती. तिची सही झाल्यावर मी अर्ज साहेबांपुढे नेऊन ठेवला. साहेबांनी न वाचता सही केली, साहेब कधीच वाचत नसत. सर्टिफिकेट मी स्वतः दोरी सोडून काढलं. चार भोकं पडली होती, त्यातलं एक थेट तिच्या आडनावावर. ती कागद घेऊन गेली. आभार मानले नाहीत, मानायचं कारणही नव्हतं. तेव्हा माझी नोकरी सात महिने उरली होती. आता पेन्शन सुरू झालंय, कुणाला या खोट्या पत्त्याची चौकशी करायची असेल तर करावी. पत्ता खरा आहे.

नवऱ्याचं लक्ष फाइलवर होतंच. निकाली प्रकरणाचीही नक्कल मिळते. या वेळी मी ती द्यायला नव्हतो, निवृत्त झालो होतो. माझ्या जागी बसलेल्या मुलीने नियमाप्रमाणे दिली असणार. चांगली, काटेकोर मुलगी आहे, मीच तयार केलीय.

एका सकाळी दूध घेऊन वर आलो तर बायको गॅलरीत उभी. "अवो, गेटार कोण एक बसलो हा. आपल्याच खिडकीकडे बघता."

पांढरा शर्ट, कपाळाला गंध. वॉचमनची जास्तीची खुर्ची त्याने गोड बोलून मिळवली होती. मी खाली गेलो.

तो उठून उभा राहिला, हात जोडले. "नमस्कार सर. तुमच्याकडे आहे होय? बरं झालं. चांगल्या घरात आहे."

"ती इथे नाही."

"कोर्टाच्या कागदावर आहे सर," तो हसून म्हणाला. "कोर्टाचा कागद खोटा कसा असेल?" आणि पुन्हा बसला.

दुसऱ्या दिवशीही तो होता. तिसऱ्या दिवशी त्याने कॉलनीतल्या दोघांना सांगितलं, "माझी बायको या साहेबांच्या घरी आहे." लिफ्टमध्ये लोक माझ्याशी बोलेनासे झाले. आमची ही बाजारात जायची ती मागच्या फाटकाने. तिने खिडकीचा पडदा दिवसाही सोडून ठेवला. तिला कुणी हात लावला नव्हता, शिवी दिली नव्हती. चौथ्या दिवशी सकाळी चहा पुढे ठेवून ती म्हणाली, "तो मेलो परत इलो. माका भय वाटता. आपण थोडे दिस गावाक जावया काय?"

चार दिवस. माझ्या बायकोला, स्वतःच्या मालकीच्या घरात, शेजारी सगळे ओळखीचे, नवरा समोर बसलेला, चार दिवस पुरले. ती दुसरी बाई किती दिवस त्या गल्लीत पोरीचा हात धरून येत-जात होती ते मी कधी विचारलंच नव्हतं.

मी फोन उचलला. आमच्या कोर्टात पोलीस ठाण्याकडून पैरवीला हवालदार येतात, तारखा सांभाळायला. त्यातल्या एकाबरोबर मी अकरा वर्षं चहा प्यायलो होतो. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "परबसाहेब, तुम्ही टेन्शन घेऊ नका. तुमच्या इथल्या ठाण्यात आपला माणूस आहे."

अर्ध्या तासात जीप आली. दोघे उतरले, एकाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, दुसऱ्याने खुर्ची उचलून वॉचमनला दिली. त्याने त्यांनाही नमस्कार केला. जीप गेली. तो पुन्हा आमच्या कॉलनीत दिसला नाही.

संध्याकाळी मी हवालदाराला फोन करून विचारलं, "कुठल्या कलमाखाली नेलात त्याला?"

तो मोठ्याने हसला. "काय साहेब, तुम्हीपण! नुसत्या बसणाऱ्या माणसाला उठवायला कलम कशाला लागतंय?"

तिच्याकडे कलम होतं, वकील होता, कोर्टात चालू असलेला अर्ज होता. माझ्याकडे फक्त हवालदाराचा मोबाईल नंबर होता.